रविवार : प्रभूचा आणि घराचा

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. धर्मग्रामाच्या कचेरीत एक गृहस्थ आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आले. खुशाली विचारून झाल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढून आमच्यापुढे ठेवला. कन्येला वर्षभर रविवारच्या धर्मशिक्षणातून सूट मिळावी, अशी त्यात विनंती होती. कारण एकच : शिकवणीचा वर्ग रविवारी सकाळी आठ ते बारा.

असे अर्ज आम्हाला नवे नाहीत. त्यांना द्यायचे उत्तरही आमच्या जिभेवर तयार असते. ते देण्यापूर्वी आम्ही सहज विचारले, "घरी रविवार कसा घालवता?"

गृहस्थ कसनुसे हसले. "कसला रविवार, फादर! माझी सुट्टी मंगळवारी. हिच्या आईला रविवार मिळतो, तो धुण्याभांड्यांत जातो. आणि हिला तर सुट्टीच नाही. घरातली सगळी माणसं एकत्र जेवायला बसली, असं शेवटचं कधी झालं, ते आता आठवतसुद्धा नाही."

मुलगी खाली मान घालून बसली होती. आम्ही अर्ज ठेवून घेतला आणि म्हणालो, "पुढच्या आठवड्यात या. तोवर आम्हालाही विचार करू द्या."

त्या आठवड्यात आम्ही जे वाचले, जे आठवले आणि जे मनाला लागले, तेच वाचकांपुढे ठेवीत आहोत. रविवारची मिस्सा, रविवारचे घर, रविवारचा खेळ आणि रविवारचे वाचन या चार गोष्टी आपल्याकडे एका सुतात कशा गुंफल्या गेल्या आणि ते सूत आज कुठे विरू लागले आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आयतवाराची कुळकथा

आमच्या आजीने रविवारला कधी रविवार म्हटले नाही. तिचा तो आयतवार. ज्या दिवशी सारे काही आयते मिळते तो आयतवार, अशी आमची बालपणीची समजूत होती! पुढे कळले की, आदित्यवाराचा आदितवार आणि आदितवाराचा आयतवार झाला. म्हणजे हा सूर्याचा वार. इंग्रजांचा 'सण्डे' देखील सूर्याचाच. पोर्तुगीजांचा 'दोमिंगो' मात्र निराळा. प्रभू या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो आला; म्हणून त्याचा अर्थ प्रभूचा दिवस. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच होती. दोनशे वर्षांच्या त्या सहवासात आपण पाव, मेज, आल्तार असे कितीतरी शब्द उचलले; पण आमच्या घरात वाराचे नाव मात्र मायबोलीतलेच राहिले. सूर्याच्या नावाने प्रभूचा दिवस पाळताना आमच्या आजीला कधी अडचण वाटली नाही.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही ती वाटली नसावी. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी सम्राटाला उद्देशून आपल्या श्रद्धेचे समर्थन लिहिले. त्यात त्यांनी सूर्याचा दिवस असाच शब्द वापरून रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. नगरांतील आणि खेड्यांतील माणसे एका ठिकाणी जमत. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांची लिखाणे, वेळ असेल तोवर, वाचली जात. प्रमुख उपदेश करी. मग सर्व उभे राहून प्रार्थना करीत, भाकर व द्राक्षारस आणला जाई, उपकारस्तुती होई आणि प्रसाद वाटला जाई. जे हजर नसत, त्यांच्याकडे सेवक तो घेऊन जात. शेवटी ज्याला जे शक्य असेल ते तो देई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके प्रवासी यांची सोय लावली जाई.

सेमिनरीत हा उतारा आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. वाचन, प्रवचन, अर्पण, प्रसाद असा मिस्साविधीचा क्रम किती जुना आहे, हे दाखविण्यासाठी तो शिकविला जाई. गैरहजर असलेल्यांविषयीचे ते एक वाक्य मात्र त्या वेळी आमच्या डोळ्यांखालून नुसते गेले. ते आमच्यासाठीच लिहिले होते, हे कळायला पुढे काही वर्षे जावी लागली.

सुट्टीवाचूनचा रविवार

एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती माणसाला रविवारची सुट्टी नव्हती. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन प्रांताधिकारी सम्राट त्राजानला पत्राने कळवितो की, हे लोक एका ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र आळीपाळीने गातात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि पांगतात. नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे जेवण जेवतात. उजाडण्यापूर्वीच का? कारण त्यांपैकी अनेक जण गुलाम होते, कारागीर होते, हातावर पोट असणारे होते. दिवस मालकाचा होता. स्वतःची म्हणावी अशी त्यांच्याकडे पहाट तेवढी होती. तीच त्यांनी प्रभूला दिली.

३०४ साली उत्तर आफ्रिकेतील अबितीना या गावी जे घडले, ते तर प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या मुलांना सांगावे असे आहे. सम्राट डायोक्लेशियनने आदल्या वर्षी फर्मान काढून ख्रिस्ती लोकांच्या सभा बंद केल्या होत्या आणि धर्मग्रंथ जाळण्यासाठी हवाली करावेत, असा हुकूम सोडला होता. गावच्या बिशपने ग्रंथ देऊन टाकले. पण एकोणपन्नास माणसे घरात जमून रविवारचा विधी करीतच राहिली. ती पकडली गेली. त्यांत सॅटर्निनस नावाचे धर्मगुरू होते आणि त्यांची चार मुले होती. दोन मुलगे वाचक, एक कन्या व्रतस्थ आणि सर्वांत धाकटा हिलारियन, अगदी पोरवयाचा. एमेरिटस हा दुसरा वाचक. त्याच्या घरी मंडळी जमत असत. मनाई असताना लोकांना घरात का घेतलेस, असे विचारल्यावर ती माझी भावंडे आहेत आणि प्रभूच्या या विधीवाचून आम्हाला जगता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. ग्रंथ कोठे आहेत, असे विचारल्यावर ते माझ्या हृदयात आहेत, असे तो म्हणाला. धाकट्या हिलारियनला अधिकाऱ्याने नाक-कान कापण्याची धमकी दिली. पोरगा डगमगला नाही.

एक घर, एक वाचक, बाप-लेकरे आणि रविवार. चर्चची भव्य इमारत त्यात नाही, घंटा नाही, सुट्टी तर नाहीच. तरीही रविवार अगदी पूर्ण आहे.

सुट्टी आली ती ३२१ साली. सम्राट कॉन्स्टन्टाइनने मार्च महिन्यात कायदा केला की, सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांनी विश्रांती घ्यावी. त्याच कायद्यात एक अपवाद आहे. शेतकऱ्याला काम करण्याची मोकळीक दिली आहे. कारण पेरणीला किंवा द्राक्षवेल लावायला तोच दिवस नेमका योग्य असू शकतो आणि ती वेळ हुकली तर आभाळाने दिलेले दान वाया जाईल. पुढे ५३८ साली ऑर्लियन्सच्या धर्मसभेने ही सवलत काढून घेतली आणि शेतकऱ्यानेही नांगर ठेवून चर्चला यावे, असे ठरविले. मात्र रविवारी प्रवास करू नये, अन्न शिजवू नये, घर झाडू नये, असे म्हणणाऱ्यांना त्याच सभेने आवर घातला. नियम घट्ट करणे आणि सैल करणे, हे दोन्ही असे फार पूर्वीपासून चालत आले आहे.

पुराण आणि खेळ

अलीकडे आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' पुन्हा वाचावयास घेतले आहे. फादर नेल्सन फलकाव यांनी २००९ मध्ये सिद्ध केलेली आवृत्ती आमच्या मेजावर आहे. स्टीफन्स मूळचे इंग्रज, येशूसंघीय. १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच कैवासी झाले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ का जन्मला, हे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. धर्मशिक्षण चालू असताना एक श्रोता पुढे येऊन विचारतो की, आमची जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? वेळ घालवायला, मन रमवायला, घरच्यांना ऐकवायला काही तरी हवे ना!

किती खरी मागणी होती ती! बाप्तिस्मा मिळाला, मिस्सा मिळाली. पण विधी आटोपून घरी गेल्यावर दिवस कशाने भरायचा, हा प्रश्न त्या श्रोत्याने चारशे वर्षांपूर्वी विचारला. धर्मगुरूनेही त्याला दटावले नाही; आयुष्याची कित्येक वर्षे खर्ची घालून ओव्या रचून दिल्या. त्या चर्चमध्ये आणि घरोघरी गायल्या गेल्या. १६४९ आणि १६५४ मध्ये त्यांच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या विसेरेईने लोकांनी तीन वर्षांत मायबोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले आणि या वाङ्मयाच्या मुळाशीच घाव बसला. त्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज आढळत नाही. जे उरले, ते लोकांनी हाताने उतरून ठेवलेल्या वह्यांमुळे. कोणाच्या तरी घरात कोणी तरी दिव्यापाशी बसून ते उतरले, म्हणून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले.

स्टीफन्स यांच्या मायदेशी त्याच सुमारास निराळाच वाद पेटला होता. रविवारी खेळावे की नाही? प्युरिटन लोक म्हणत, मुळीच नाही. राजा पहिला जेम्स याने १६१८ मध्ये जाहीरनामा काढून सांगितले की, प्रार्थना आटोपल्यावर लोकांनी खुशाल नाचावे, तिरंदाजी करावी, उड्या माराव्यात; आठवडाभर राबणाऱ्या गरिबाला दुसरा दिवस कोणता आहे? मात्र जो राजमान्य चर्चला येणार नाही, त्याला खेळायला बंदी. ही अट कॅथलिकांना उद्देशून होती. १६४३ मध्ये प्युरिटन पार्लमेंटने तो जाहीरनामा जाहीरपणे जाळला. एका पक्षाने खेळाला आमिष केले, दुसऱ्याने पाप केले. दोघांनाही खेळ नुसता खेळ म्हणून पाहता आला नाही.

ते पाहिले तुरिन शहरातल्या एका तरुण धर्मगुरूने. संत डॉन बॉस्को यांनी आपल्या कार्याच्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. त्याही आम्ही त्या आठवड्यात चाळल्या. ८ डिसेंबर १८४१ रोजी ते मिस्सासाठी पोशाख करीत होते. सॅक्रिस्टीत एक अनाथ, गवंडीकाम करणारा मुलगा चुकून शिरला. मिस्साला सेवा करता येत नाही म्हणून सेवकाने त्याला झाडूने बदडून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलाविले. लिहिता येते का? नाही. वाचता येते का? नाही. प्रार्थना येतात का? नाही. मग त्यांनी विचारले, शीळ घालता येते का? मुलगा हसला. त्या हसण्यातून त्यांचे कार्य उभे राहिले.

त्या मुलांना रविवार तेवढा मोकळा असे. सकाळी मिस्सा, नंतर खेळ, दुपारी धर्मशिक्षण, मग पुन्हा खेळ. कधी डोंगरवाटांनी दूरची सहल, शिदोरी आणि वाद्ये बरोबर. गोंगाटाला कंटाळून लोकांनी त्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पिटाळले. कधी गिरणीशेजारी, कधी उघड्या कुरणात त्यांचे रविवार झाले. शेवटी १८४६ च्या ईस्टरला व्हाल्दोक्को येथे एक छप्पर मिळाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या वृद्ध मातोश्री मार्गारिटा गाव सोडून लेकाच्या मदतीला आल्या. पोरांचे कपडे शिवण्यासाठी त्यांनी आपल्या लग्नातले कापड मोडले. आई आली आणि संस्थेचे घर झाले. जोडीला अक्षरओळखीचे रविवारचे वर्ग होतेच. १८५३ पासून स्वस्त मासिक पुस्तिका निघू लागल्या, त्या घराघरात वाचल्या जाव्यात म्हणून. मिस्सा, घर, खेळ, वाचन! या चारही गोष्टी एका अंगणात आणणारा हा संत म्हणूनच आम्हाला रविवारचा संत वाटतो.

गिरणगावाचे ऋण

आता आपल्या मुंबईकडे वळू या. ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या कचेऱ्यांना रविवारची सुट्टी असे. पण त्याच राज्यातील गिरणीकामगाराला आठवड्याची ठरावीक सुट्टी नव्हती. ती कोणी मिळवून दिली? कोणा बिशपने नव्हे, कोणा मिशनऱ्याने नव्हे. ती मिळवून दिली महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. मागण्यांतील पहिली होती रविवारच्या सुट्टीची. सहा वर्षे दाद लागली नाही. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने तिला आधार दिला.

त्याच १८९१ च्या मे महिन्यात रोममध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर विश्वपत्र काढले आणि रविवारची विश्रांती हा मजुराचा हक्क असल्याचे सांगितले. एकाच काळात एक हाक रोममधून उठली आणि एक गिरणगावातून. दोघांना एकमेकांची वार्ता असेल वा नसेल. माणसाच्या घामाची किंमत दोघांनाही कळली होती. रविवार हा खंडोबाचाही वार. गिरणीतला मावळी गडी त्या दिवशी भंडार उधळायला जेजुरीला गेला असेल, वसईचा ख्रिस्ती गडी मिस्साला गावी आला असेल. सुट्टी दोघांनी मिळून मिळविली होती. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना लोखंडे गेले. आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात त्यांचे नाव नाही. असावयास हवे, असे आम्हाला वाटते.

वाडीतला रविवार

आमचा जन्म दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतरचा. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेविषयीचा ठराव जाहीर करून मायबोलीला वेदीवर जागा दिली, त्यामुळे आम्ही मिस्सा मराठीतूनच ऐकली. आजी मात्र जुन्या रविवारच्या गोष्टी सांगे. तेव्हा मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेतला तर ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली. त्या बातमीने कोणाला काय वाटले ते ठाऊक नाही. आजीला मात्र शेवटपर्यंत मिस्सापूर्वी पाणी पिताना अपराधी वाटे. लॅटिनचा अर्थ तिला कळत नसे, पण घंटा वाजली की काय घडते आहे, हे ती अचूक सांगे.

आमचा रविवार पहाटेच्या मिस्साने उजाडे. घरी येताच फुगे आणि चहा. वडील एक फेरी वाडीत मारून येत, केळीला पाणी लावीत. दुपारचे जेवण मात्र सर्वांचे एकत्र. त्या दिवशी कोंबडीचा रस्सा असे आणि भाजीपाल्याची पाटी घेऊन मुंबई गाठण्याची घाई नसे. उन्हे कलली की आम्ही पोरे बावखलात डुंबत असू, किंवा काका आम्हा सगळ्यांना कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली नेत. विटीदांडू, लगोरी, ओहोटीच्या ओल्या वाळूत धावणे. परतताना पायांना चिकटलेली वाळू ओटीवर झटकली म्हणून आई रागावे.

रात्री जपमाळ झाल्यावर वडील वाचून दाखवीत. त्यांचे शिक्षण चार इयत्तांचे. महिन्याचे ख्रिस्ती मासिक आले की त्यातील एक लेख. ते संपले की एखादे पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आमच्या घरात एक अख्खा पावसाळा चालली होती. आजी निरक्षर. लक्ष्मीबाई आपल्या पंथाच्या नाहीत, हे तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "असू दे. घर तर आपल्यासारखंच आहे." साहित्याविषयी याहून मोलाचे मत आम्ही पुढे कोणत्याही वर्गात ऐकले नाही.

आमची चूक

येथे एक गोष्ट कबूल करणे प्राप्त आहे. गुरुदीक्षा होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. एका धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो. रविवारच्या पहिल्या मिस्साला काही शेतकरी येत नसत. दादरच्या बाजारासाठी मोगरा, चाफा पहाटेच खुडावा लागतो; उन्हे आली की फूल उमलते आणि भाव पडतो. आम्ही तरुण होतो, नियम ताजे होते. प्रवचनात आम्ही गरजलो की, काही जणांना देवापेक्षा फुलांची टोपली मोठी वाटते!

त्या दिवशी शेवटच्या मिस्सानंतर पन्नाशीचे एक शेतकरी सॅक्रिस्टीच्या दारात उभे राहिले. हातात टोपी. "फादर, राग नसावा. एक विचारू? आल्तारावरची फुलं आजची आहेत की कालची?"

आम्ही म्हणालो, "आजची. ताजी दिसताहेत."

"मीच पहाटे खुडून देऊन जातो, फादर. सतरा वर्षं झाली. बाजाराच्या टोपलीअगोदर ती काढतो. मग शेवटच्या मिस्साला येतो, मागे उभा राहतो."

एवढे बोलून ते निघून गेले. पुढच्या रविवारी फुले होती. आम्ही मात्र त्यांची क्षमा मागायला त्यांच्या वाडीत जायला तीन आठवडे घेतले. नांगर चालविणाऱ्याला कॉन्स्टन्टाइनने दिलेली मोकळीक आणि गैरहजर असलेल्यांकडे प्रसाद घेऊन जाणारे जस्टिनचे सेवक, हे दोन्ही आम्हाला त्या तीन आठवड्यांत आठवले. सेमिनरीत पाठ केलेले तेव्हा प्रथम समजले. पहिल्या ख्रिस्ती मंडळींमध्ये जो आला नाही, त्याच्या घरी कोणी तरी प्रसाद घेऊन जाई. आम्ही त्याच्या नावाने प्रवचन केले होते.

अर्जाचे उत्तर

ती गोष्ट आठवली आणि मेजावरचा अर्ज निराळा दिसू लागला. पूर्वीचा प्रश्न असा होता की, रविवार मोकळा आहे, पण माणूस मिस्साला येत नाही. आजचा प्रश्न असा की, माणसाला रविवारच उरलेला नाही. लोखंड्यांनी सहा वर्षे झगडून जो दिवस मिळविला, तो पाळ्यांच्या नोकऱ्यांनी, शिकवण्यांनी आणि स्पर्धांनी थोडा थोडा करून काढून घेतला आणि कोणी तक्रारही केली नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ मे १९९८ रोजी प्रभूच्या दिवसाविषयी पत्र लिहिले, तेव्हाच त्यांनी बजावले होते की, रविवार हा नुसता आठवड्याचा शेवट होऊ देऊ नका. दैवयोग असा की, त्याच मे महिन्यात आपला वसई धर्मप्रांत निर्माण झाला.

२०२० च्या टाळेबंदीत आपण उलट अनुभव घेतला. मार्चपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चर्चची दारे बंद होती. मिस्सा पडद्यावर आली, पण घरातली सारी माणसे घरात होती. त्या महिन्यांत जीवलग गेल्याचे दुःख अनेक घरांनी सोसले. त्याच काळात वर्षानुवर्षे बंद पडलेली जपमाळ पुन्हा सुरू झाल्याचे, बापाने लेकरांना बायबल वाचून दाखविल्याचेही अनेकांनी आम्हाला सांगितले. दारे उघडली आणि घरे पुन्हा पांगली. मिस्सा परत मिळाली. एकत्र जेवण बहुधा नाही.

पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ आले. आम्ही सूट दिली नाही आणि नकारही दिला नाही. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा एक वर्ग सुरू करतो, म्हणालो; मुलीला तेथे पाठवा. पहिल्या दिवशी सहा मुले येतील असे वाटले होते, एकोणीस आली. म्हणजे तेरा घरांनी अर्जसुद्धा केला नव्हता. ती मुले नुसती येईनाशी झाली होती आणि आमच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे फुल्या पडत होत्या.

गृहस्थांना आम्ही आणखी एक विनंती केली. आठवड्यातून एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, मग तो वार कोणताही असो. आणि जेवणानंतर कोणी तरी दोन पाने मोठ्याने वाचावीत. ते म्हणाले, "फादर, मंगळवारी रात्री जमेल." आम्ही म्हणालो, "मग मंगळवारी."

हा रविवारला पर्याय नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. अबितीनाच्या लोकांनी प्राण दिले ते मंगळवारसाठी नव्हे. पण त्यांचा रविवारही उजाडण्यापूर्वीच्या चोरट्या पहाटेतूनच उभा राहिला होता. ज्याच्याकडे तेवढीच वेळ आहे, त्याने तीच प्रभूला आणि घराला द्यावी. पण ज्यांच्या हाती रविवार अजून शाबूत आहे, त्यांनी तो सहजासहजी सोडू नये; आणि शिकवणीवाल्यांना चार पालकांनी मिळून, एवढी एक सकाळ मुलांना राहू द्या, असे सांगून पाहावे. दहा हजारांनी नाही, चौघांनी मागून पाहावे.

गेल्या महिन्यात त्या घरी आम्ही मंगळवारी जेवायला गेलो होतो. जेवणानंतर मुलीने पुस्तक उघडले. 'स्मृतिचित्रे'च होती, बापाने वाचनालयातून आणली होती. वाचता वाचता ती मध्येच हसू लागली आणि तिची आई हातातले भांडे तसेच धरून दारात उभी राहून ऐकू लागली. आम्ही उशिरा निघालो.